दत्तमंदिरातले सैतान मास्तर

अमरावतीच्या भर बाजारात कुणी "ओ सैतान!" अशी हाक मारली, तर कुणीही माणूस भांडायलाच उठेल. आमचे मास्तर मात्र मागे वळायचे, दोन्ही हात जोडायचे आणि हसून म्हणायचे, "बोला बाप्पा." दर गुरुवारी संध्याकाळी ते आमच्या गल्लीतल्या दत्तमंदिरात भजनाला पेटी धरत, म्हणून ते मास्तर. बाकीचे सहा दिवस घरी बसून इंग्लंडातल्या रॉकच्या रेकॉर्डी ऐकत. त्या रेकॉर्डीही साध्यासुध्या नव्हत्या. एकीच्या कव्हरावर शिंगं असलेला बोकड राजासारखा खुर्चीत बसलेला, दुसरीवर कवट्यांची रास, तिसरीवर मांजरीच्या डोळ्यांची जोगीण. अशी रेकॉर्ड लावायच्या आधी मास्तर हात धूत, चपला काढत आणि प्लेयरच्या सुईला उदबत्ती ओवाळत. बोकडालाही धूर मिळे.

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असणारच. कुणी कबुतरं पाळतो, कुणी जुनी घड्याळं जमवतो, कुणी आयुष्यभर एकाच परदेशी नटीला पत्रं लिहितो. आमच्या वाट्याला सैतान आला, इतकंच. तोही असा, की त्याला तूप-साखरेची पोळी आवडायची आणि अंधारात जिना उतरताना तो दत्ताचं नाव घ्यायचा.

मास्तर मूळचे अकोटकडचे. घरची काळी जमीन भावांनी केली, हे जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात फिटर झाले. दिवसभर कापसाच्या गाठी दाबणारं प्रेस धाडधाड आपटायचं आणि हे त्या तालावर मनातल्या मनात अभंग बसवायचे. एकदा अकोल्याला सुटे भाग आणायला गेले असताना एका रद्दीवाल्याकडे त्यांना रेकॉर्डींचा गठ्ठा दिसला. रद्दीवाला त्यांची भिंतीवरची घड्याळं करून विकत असे. मास्तरांनी बोकडाचं कव्हर पाहिलं आणि म्हणाले, "याच्या पोटात काटे नको घालू बाप्पा, मले दे." घरी आणून वाजवली. पहिल्याच गाण्याला उठून बसले. पुढे कैक वर्षं ते हा प्रसंग सांगत: "तुले सांगतो, मले वाटलं आपलंच प्रेस कोणी भरून ठेवलं यात! मंग कोणाले तरी विचारलं तं समजलं, ही पोरं कारखान्याच्या गावची. लोखंडाच्या आवाजात वाढलेली. लोक म्हणते, सैतान गाऊन रायला. मी म्हणतो, फिटर गाऊन रायला."

ऐकायची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. मांडी घालून बसत, डोळे मिटत, डावा हात मांडीवर ताल धरी. गिटारवाला लांबलचक काहीतरी वाजवून समेवर आला की, "वा! क्या बात है!" अशी दाद देत, जणू तो लंडनवाला समोरच्या सतरंजीवर बसला आहे आणि आता मान तुकवणार आहे. प्रत्येक कव्हराच्या मागे निळ्या शाईने बारीक अक्षरात शेरे लिहिलेले असत. 'भैरवाच्या अंगाने.' 'ताल बरा, गाणारा सर्दीचा.' 'येथे उगाच ओरडला.' बोकडाच्या मागे लिहिलं होतं, 'उत्तम. सकाळी ऐकू नये.'

माझं चष्म्याचं दुकान मास्तरांच्या घरासमोर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते येऊन बसत आणि मला इंग्लंडचा इतिहास शिकवत. तो इतिहास कुठल्या पुस्तकात होता कुणास ठाऊक, पण ऐकताना पटायचा. एकदा मी विचारलं, "मास्तर, शिकले-सवरलेले लोक हे. रेल्वे काढली, विमानं काढली. यांना मध्येच जादूटोणा कसा काय सुचला?"

मास्तर म्हणाले, "लढाई झाली. घरं पडली. मंग पोरं मोठी झाली. चर्चमंधला देव होता बापाचा. बाप सांगे, नीट बस, केस काप. पोराईले आपला देव पायजे होता. आता आपल्याकडे कसं हाय, एक देव पावला नाई तं मानूस दुसऱ्याकडे जाते. शेजारीच देऊळ रायते. त्याईच्याकडे एकच होता! मंग करन काय बिचारे? जे सापडलं थे उचललं. पत्ते पाह्यले, ग्रह पाह्यले, आपले साधू नेले, चेटकिणी उकरल्या. कोणाले काईच नाई भेटलं, त्यानं सैतान घेतला."

"आणि सिनेमेवाले?"

"थे त्याईच्याबी पुढं. पोरं रेकॉर्ड घेऊन रायली म्हटल्यावर यायनं तिकीट लावलं."

त्या सिनेमांचाही त्यांच्याकडे साठा होता. आधी व्हिडिओ कॅसेटी, पुढे त्यांच्या मुलीने भरून दिलेला पेनड्राइव्ह. सगळ्या सिनेमांत साधारण एकच गोष्ट: खेड्यातला एक जमीनदार, त्याचा मोठा बंगला, तळघर, काळे झगे घातलेली प्रतिष्ठित मंडळी, आणि कुणा तरी पाहुण्या मुलीला नको तिथे डोकावायची सवय. मास्तरांना भीती अशी कधी वाटली नाही. त्यांची तक्रार वेगळी होती. "साहेबाचा सैतान लई कामचुकार. दीड घंटा लोक बोलावून रायले, अन् हा येते शेवटच्या रिळात. अन् करते काय? घंटी वाजली की पयते! आपल्या एसटीच्या कंडक्टरसारखा."

तिकडे एकदा म्हणे बोभाटा झाला होता, की या रेकॉर्डी उलट्या फिरवल्या तर सैतानाचा निरोप ऐकू येतो. मास्तरांनी बोटाने रेकॉर्ड उलटी फिरवून पाहिली. सबंध दुपार. मी काचा घासत बसलो होतो. शेवटी ते रस्ता ओलांडून आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ऐकला निरोप."

"काय म्हणाला?"

"अकोट-अकोला गाडी फलाट क्रमांक चारवर लागून रायली म्हणते. स्टँडवरच्या बाईचाच आवाज. शब्द बी तसेच, एक नाई समजला."

त्यांना सैतान ही पदवी मात्र यातल्या कशामुळे मिळाली नाही. ती मिळाली एका सुरामुळे. कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं, की सुरांची एक विशिष्ट जोडी जुन्या काळी तिकडच्या चर्चमध्ये टाळत. ऐकायला विचित्र वाटे, म्हणून तिला पुढे सैतानाचंच नाव चिकटलं. आणि या रॉकवाल्या पोरांनी नेमकी तीच जोडी शोधून, मुद्दाम, मोठ्या आवाजात वाजवली. मास्तरांनी मंदिरात जाऊन पेटीवर ती जोडी दाबून पाहिली. सा आणि तीव्र मध्यम! म्हणजे यमन. म्हणजे पेटी शिकायला आलेल्या पोराला पहिल्या दोन-चार महिन्यांत जो राग देतात, तो. मास्तर आठवडाभर हसत होते. चालता चालता रस्त्यात थांबून हसायचे. "अबे, ज्या सुराले साहेब भेला, थो आपल्या इथली शाळेतली पोरगी परकर नेसून म्हणते! प्रार्थनेत!" मग ज्याला त्याला पेटीवर तो सूर ऐकवून, "हा पाह्य सैतान" म्हणून सांगू लागले. महिन्याभरात गल्लीने त्यांचं बारसं केलं.

आता माझ्या अपराधाकडे येतो. चष्म्याच्या दुकानदाराला एक मोठं सुख असतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड लोखंडी फ्रेम चढवली, की तो हलू शकत नाही. तेव्हा त्याला गोष्ट सांगावी. त्या दिवशी माझ्या खुर्चीत आमच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष बसले होते. निवृत्त नायब तहसीलदार. सगळे त्यांना नायबसाहेब म्हणत. नोकरी संपली होती, पण भाषा संपली नव्हती. घरी बायकोलाही "सदर भाजीत मीठ कमी असल्याचे निदर्शनास येते" असं सांगत, अशी वदंता होती. नुकतेच अध्यक्ष झाले होते, मंडळाला शिस्त लावायच्या विचारात होते, आणि मास्तरांना सैतान का म्हणतात हे त्यांना कधी कळलं नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांवर भिंगं बदलत बदलत मास्तरांची गोष्ट सुरू केली.

साधी सांगितली असती तर मी मी कसला? दुकानाचा दिवा मंद केला. आवाज खोल नेला. बोकडाला दोन शिंगं जास्तीची लावली. उदबत्तीचा धूर खोलीभर केला. "आणि साहेब, तो सूर वाजला की मास्तरांचे डोळे..." असं म्हणून मी थांबलो, कारण नाटकात इथे थांबायचं असतं. माझी अपेक्षा होती की साहेब हसतील. साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. नाकावरची फ्रेम त्यांनी स्वतःच काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हा इसम आपल्या देवापुढे बसतो?" नंबर न घेताच ते निघून गेले.

तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या हातात कागद पडला. 'आपणाकडे सैतानविषयक रेकॉर्डी असल्याचे कळते. सदर रेकॉर्डींची आठ दिवसांचे आत विल्हेवाट लावावी, अन्यथा मंडळाची पेटी सोडावी.' मास्तरांनी तो माझ्या काउंटरवर ठेवला आणि वाचायला सांगितलं. स्वतःचा चष्मा डोळ्यावर असूनही.

मला वाटलं होतं, चिडतील. ते शांत होते, आणि ते जास्त वाईट होतं. पेटीवर ते एकतीस वर्षं बसत होते. पेटी मंडळाची, घरी त्यांच्याकडे स्वतःची कधी नव्हतीच. तिचा भाता फाटला तेव्हा त्यांनी रात्रपाळीच्या सुटीत बसून चामडं चिकटवलं होतं. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, गेल्या, त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी ते मंदिरात आले होते. कुणी तरी म्हणालं, मास्तर, आज नका येऊ. ते म्हणाले होते, "घरी हात रिकामे रायते बाप्पा. येथी त्याईले काम हाय." एवढंच. मग आरतीपर्यंत वाजवलं.

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो तर ते सुतळीने रेकॉर्डींचे गठ्ठे बांधत होते. अर्धं काम झालंही होतं.

"हे काय करता?"

"टाकून देतो. गाणं काय, डोक्यात रायते. पेटी डोक्यात नाई वाजत."

"मास्तर, चूक माझी आहे. मीच साहेबांना..."

"मले माहीत हाय. तुह्या दुकानात चष्मा कमी अन् तमाशा जास्त," ते म्हणाले. रागाने नव्हे. बोकडाचं कव्हर त्यांनी हातात घेतलं. मग त्यावरची धूळ धोतराच्या टोकाने पुसली. टाकून द्यायच्या वस्तूवरची धूळ पुसणारा माणूस पाहिला आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी सुतळी सोडायला लागलो. म्हटलं, "एकदा त्यांना हे सिनेमे दाखवू, रेकॉर्डी ऐकवू. सगळ्या मंडळाला. काय असेल ते उघड्यावर होऊ दे."

"अन् त्या बाया भेल्या तं? मंग पेटी बी जाईन अन् इज्जत बी."

भीती खरी होती. मंडळात बायकांचीच संख्या जास्त. त्यांनी मान हलवली की विषय संपला. तरी मी नायबसाहेबांकडे गेलो आणि त्यांना आवडेल असा शब्द शोधून वापरला. म्हटलं, "साहेब, सुनावणी न घेता निकाल?" साहेब अस्वस्थ झाले. आयुष्यभर सुनावण्या घेतलेला माणूस. रविवार दुपारची वेळ त्यांनीच ठरवली.

मंदिराच्या सभामंडपात मी माझ्या घरचा मोठा टीव्ही लावला, शेजारी मास्तरांचा रेकॉर्ड प्लेयर ठेवला. खिडक्यांना सतरंज्या अडकवल्या. बायका पुढे, पुरुष मागे. पहिल्या रांगेत कांतामावशी. यांचं देवीच्या देवळाच्या वाटेवर फुलांचं दुकान, घरचा झेंडू घरचा मोगरा. मंडळात झांज यांच्याकडे आणि शेवटचा शब्दही यांच्याकडेच. मास्तर भिंतीला टेकून, पेटीपासून दूर बसले. आरोपीने लांब बसावं असं त्यांना वाटलं असावं.

नायबसाहेब उभे राहिले. "माताभगिनींनी शांतता राखावी. सिनेमात जे दिसेल ते आक्षेपार्ह आहे. कोणास भय वाटल्यास हात वर करावा, तात्काळ बंद करण्यात येईल."

मी मास्तरांना विचारून त्यांच्या मते सर्वांत भयानक असलेला प्रसंग लावला. तळघर. काळे झगे. एक पिकल्या केसांचा जमीनदार जमिनीवर खडूने मोठं वर्तुळ काढतो. चार बाजूंना काळ्या मेणबत्त्या. मग तो जाड पुस्तक उघडून घोगऱ्या आवाजात सैतानाला आवाहन करू लागतो. पुढच्या रांगेतल्या बायका टीव्हीकडे सरकल्या. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

आणि कांतामावशी म्हणाल्या, "थे रांगोळी हाय का?"

"मावशी, ते सैतानाचं वर्तुळ आहे," मी म्हणालो.

"गोल बी धड नाई आला. अन् सारवलं कोठी? झाडलं बी नाई माय, कोळ्याचं जायं लटकून रायलं मांगं!"

मागून दुसरी म्हणाली, "अवं, त्याच्या पायात पाह्य ना. बूट! बूट घालून पूजा करून रायला थो!"

बस. बांध फुटला. मंडपातल्या तीस बायका, ज्यांनी जन्मभर पूजा मांडल्या होत्या, एकदम त्या तळघरात शिरल्या. पाट कुठे आहे? नैवेद्य काय ठेवला? त्या म्हाताऱ्याची बायको का बसली नाही जोडीने? हात धुतल्याचं कुणी पाहिलं का? "पुस्तकात पाहून म्हणून रायला, पाठ नाई त्याले!" "मेणबत्ती इजली पाह्य, आडोसा लावा म्हणा!" "त्या झग्याले इस्त्री तं कराव बाप्पा, देवाचं काम हाय!"

"देवाचं नव्हे!" नायबसाहेब ओरडले. "सैतानाचं!"

"ज्याचं असन त्याचं," कांतामावशी म्हणाल्या. "बोलवाचं तं नीट बोलवा. अशा पूजेले कोन येईन? मी सैतान असती तं मी बी नसती आली."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक हात वर झाला. नायबसाहेबांना धीर आला. "बोला, बोला! भय वाटलं?"

"नाई जी. पाणी पियाले जाऊ का?"

शेवटी धुरातून सैतान आला. बोकडाचं तोंड, लाल डोळे, पाठीवर केस. बायकांनी सुस्कारा सोडला. "आला बाई एकदाचा." कांतामावशींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि हळहळून म्हणाल्या, "उपाशी दिसते." तिकडे चर्चची घंटा वाजली, सैतान पळाला, आणि मंडपात "अरेरे" असा खराखुरा उद्गार निघाला. एवढ्या लांबून आलेल्याला कुणी चहासुद्धा विचारला नव्हता.

मास्तरांनी डोळे उघडले होते. हसावं की नाही याचा अंदाज ते घेत होते, कारण नायबसाहेब अजून उभेच होते. साहेबांच्या हातात कागद होता आणि कागदावर दुसरा मुद्दा होता.

"सिनेमा बाजूला ठेवू," ते म्हणाले. "संगीताचं काय? सदर संगीतात सैतानाचा सूर आहे, असं मास्तरांनी स्वतः सांगितल्याचं," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "यांच्याकडून कळतं. तो सूर कानात घेऊन हा मनुष्य पेटीवर बसतो. हे खरं की खोटं?"

आता कुणी हसलं नाही. सूर ही गोष्ट मंडळाच्या हद्दीतली होती. मास्तर उठले, पेटीपाशी गेले, बसले. पांढऱ्या पट्ट्यांवरून एकदा नुसती बोटं फिरवली, न वाजवता. मला ते पाहवलं नाही.

"खरं हाय," ते म्हणाले. "साहेब, तुमचा अभंग म्हणा. आरतीच्या आधीचा."

नायबसाहेबांचा तो एकच अभंग. पण तो ते असा म्हणत, की चाळीस वर्षं दुसऱ्या कुणी त्याला हात लावला नव्हता. गोंधळले, पण कुणी गा म्हटल्यावर न गाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खाकरले, सुरू केलं. मास्तर साथ करू लागले. दुसऱ्या ओळीत आवाज वर चढला, एका जागी थबकून लांबला, तसा मास्तरांनी डावा हात उचलला.

"थांबा. हाच सूर धरून ठेवा."

साहेबांनी धरला. मास्तरांनी खाली षड्ज दाबून ठेवला. दोन्ही सूर मंडपात एकत्र उभे राहिले. मग मास्तरांनी मला खूण केली, मी रेकॉर्डवर सुई ठेवली. धाड, धाड करत गिटारींनी तीच जोडी वाजवली. कान असलेल्या कुणालाही समजावं इतकं स्वच्छ.

साहेबांचा आवाज आपोआप बंद झाला.

"हा?" त्यांनी विचारलं.

"हा."

"चाळीस वर्षांपासून?"

"मले एकतीस वर्षांचं माहीत. त्याच्या आधीचं तुमीच सांगा."

नायबसाहेब खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी काही दिवसांपूर्वी सुतळीच्या गठ्ठ्याशेजारी पाहिलं होतं. हळूच, कार्यालयाची सगळी भाषा टाकून देऊन, ते म्हणाले, "मंग हा सूर सोडू का मी?"

"कायले सोडता साहेब?" मास्तर म्हणाले. "सबंद अभंगात तुमचा थोच एक नेमका लागते."

ही स्तुती की अपमान, हे साहेबांना ठरवता येईना, आणि तोपर्यंत कांतामावशींनी झांज उचलली होती. "झालं ना? चला, आलोच हाओत तं आरती करून घेऊ." त्या दिवशीच्या इतिवृत्तात नायबसाहेबांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'सदर सूर मंडळाच्या वापरात पूर्वीपासूनच असल्याने आक्षेप निकाली काढण्यात येत आहे.' ते पान मी नंतर मुद्दाम वाचून आलो.

मास्तरांनी त्यानंतर चार वर्षं पेटी धरली. मग उजवा हात थरथरू लागला. बोटं एका पट्टीवर ठेवावीत तर शेजारच्या पट्टीवर जात. त्यांनी स्वतःच एका गुरुवारी पेटी बंद केली, कव्हर चढवलं आणि शेजारी बसलेल्या, त्यांच्याकडे पेटी शिकणाऱ्या शाळेतल्या बाईंकडे सरकवली. मुलगी अकोल्याला, ती न्यायला आली. दोन खोल्यांचं घर, जावई, दोन नातवंडं. मास्तरांची एक ट्रंक कपड्यांची, प्लेयर आणि रेकॉर्डींचे अकरा गठ्ठे. मुलगी रडवेली झाली. "बाबा, मी ठेवू कुठे?" मास्तर म्हणाले, "नको ठेवू. यायले कोणी तरी घेईन." कोण घेईल, हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्या दुकानात काचांनाच जागा नव्हती.

गाडीला वेळ होता. नायबसाहेब निरोप द्यायला आले होते, काठी टेकत. दारातले गठ्ठे त्यांनी पाहिले. एक वरचा उचलून त्यावरचा बोकड पाहिला.

"मंदिरात कपाट आहे," ते म्हणाले. "पोथ्यांच्या खालचा कप्पा रिकामा आहे. ओल येत नाही. किल्ली माझ्याकडे असते."

मास्तर त्यांच्यासमोर आले. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. उजवा थरथरत होता, तो डाव्याने धरून.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. आमच्याकडे त्या दिवशी वाद्यांची पूजा असते. सतरंजीवर पेटी, मृदंग, टाळ, झांजा ओळीने मांडल्या होत्या. नायबसाहेबांनी कपाट उघडलं, खाली वाकले आणि आधी प्लेयर, मग एकेक रेकॉर्ड काढून मृदंगाच्या पलीकडे मांडू लागले. कांतामावशींनी प्रत्येकीवर एकेक झेंडू ठेवला. साहेब कुंकवाची वाटी घेऊन बोकडापुढे बसले आणि अडले. मला म्हणाले, "अकोल्याला फोन लावा."

मी लावला, स्पीकर सुरू केला. "मास्तर," साहेब म्हणाले, "पूजा मांडली आहे. कुंकू लावू का?"

"ओलं लावू नका साहेब! कव्हर खराब होते. कोरडं लावा, चिमटीनं."

साहेबांनी चिमटीने लावलं. अक्षता वाहिल्या. मग रीतीप्रमाणे प्रत्येक वाद्य एकेकदा वाजवायचं. पूजलेलं वाद्य मुकं ठेवत नाहीत. बाईंनी पेटीचा सूर दिला, मृदंगावर थाप पडली, टाळ झाले. साहेब रेकॉर्डींपाशी थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हिलाही वाजवावं लागेल."

फोनमधून मास्तर म्हणाले, "वाजवाच लागन. अन् आवाज बारीक करू नका."

मी बोकडाची रेकॉर्ड प्लेयरवर चढवून सुई ठेवली. सभामंडपाचे खांब हादरले. कबुतरं उडाली. दोन-तीन ठोके कांतामावशींनी नुसते ऐकले, मान एका बाजूला करून, आणि मग झांज नेमकी समेवर आणली. नायबसाहेब टाळ शोधू लागले. मी फोन कानाला लावला. अकोल्याच्या त्या दोन खोल्यांत कुणी तरी डाव्या हाताने मांडीवर ताल धरला होता. मला तो स्पष्ट ऐकू येत होता.